अगाशीवरचा डास आणि कालव्याकाठचा डास

वडोदऱ्यात पावसाळा सरत आला की मलेरियाचे दोन आकडे कानावर येतात: रुग्ण किती आणि डास किती. डास कोणते, हे मात्र क्वचितच विचारलं जातं. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या जुन्या घराच्या अगाशीवर झाकण उडालेली काळी टाकी असते. शहराबाहेर पडलं की नर्मदा कालव्याच्या कडेला पाझराचं पाणी शेतालगत साचलेलं दिसतं. मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफेलिस डासांच्या अळ्या दोन्हीकडे सापडू शकतात, पण त्या सहसा एका प्रजातीच्या नसतात. मलेरियाच्या परजीवीच्या बाजूने पाहिलं तर टाकीतला डास ही एक परीक्षा आणि कालव्याकाठचा डास ही वेगळ्याच मंडळाची दुसरी परीक्षा. एकीत पास झालेला परजीवी दुसरीत पास होईलच असं नाही.

म्हणून डास गोळा करतानाच त्यांची ओळख पुसली गेली, तर परजीवी कोणत्या दिशेने बदलतोय आणि का, हे नंतर कितीही महागड्या यंत्रात घातलं तरी कळत नाही. बहुतेक चुका प्रयोगशाळेत होत नाहीत. त्या अगाशीवर आणि गोठ्यात होतात. या लेखात निम्मं शास्त्र आहे आणि निम्मा नमुने गोळा करण्याचा हिशेब.

आधी शहरातला डास. हा ॲनोफेलिस स्टीफेन्सी. साठवलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी हे त्याचं घर: अगाशीवरची टाकी, जमिनीखालची टाकी, वापरात नसलेली विहीर, बांधकामावरचा हौद, कूलर. याचे तीन प्रकार आहेत: टाईप, इंटरमीजिएट आणि मायसोरेन्सिस. ढोबळमानाने टाईप शहरी आणि मलेरियाचा सक्षम वाहक, तर मायसोरेन्सिस ग्रामीण आणि जनावरांच्या रक्ताकडे ओढा असलेला. डोळ्यांनी प्रौढ मादी पाहून हे तिन्ही वेगळे ओळखता येत नाहीत. १९३७ साली स्वीट आणि राव यांनी अंड्यांवरून फरक दाखवला आणि ती पद्धत आजही चालते. अंड्याच्या दोन्ही बाजूंना तरंगायला मदत करणारे पारदर्शक कप्पे असतात आणि त्यांवर आडव्या कडा असतात. एका बाजूच्या कडा मोजायच्या. टाईपमध्ये साधारण १४ ते २२, इंटरमीजिएटमध्ये १२ ते १७, मायसोरेन्सिसमध्ये ९ ते १५.

आकडे बघताच अडचण लक्षात येते. १४ आणि १५ कडांचं अंडं तिन्ही खान्यांत बसतं. एकेक अंडं मोजून प्रकार ठरवणं म्हणजे एका शितावरून भाताची परीक्षा. भाताला ते चालतं, अंड्यांना चालत नाही. मादी रक्त प्यायल्यावर दोन-तीन दिवसांनी अंडी घालायला तयार होते. तेव्हा प्रत्येक मादी वेगळ्या छोट्या वाटीत ठेवायची, वाटीच्या आतून गाळणकागदाची पट्टी लावायची आणि तळाशी जेमतेम पाणी ठेवायचं. प्रत्येक मादीची दहा ते पंधरा अंडी मोजून सर्वांत जास्त वेळा येणारा आकडा धरायचा. अंडी घातल्या घातल्या पांढरी असतात आणि काही वेळात काळी पडतात; काळी झाल्यावरच मोजायची. ब्रशने उचलताना कप्पा चेपला तर कडा एकमेकींत मिसळतात आणि आकडा दोन-तीनने कमी भरतो, म्हणजे टाईपची मादी कागदावर इंटरमीजिएट होऊन बसते. स्लाईडवर अंडं सुकून सुरकुतलं तरी हीच गत. त्यामुळे अंडी कागदासकट कापून उचलावीत, ब्रश शक्यतो लावूच नये. जनुकांवरून हे तीन प्रकार वेगळे करायचे काही मार्कर (ओळखीच्या खुणा) सुचवले गेले आहेत, पण ते सगळ्यांना पटलेले नाहीत. किळसवाणं वाटेल एवढं कंटाळवाणं असलं तरी अंडी मोजण्याचं काम सुटत नाही.

आता गावाकडचा डास, ॲनोफेलिस क्युलिसिफेसीज. भारतातल्या ग्रामीण मलेरियाचा मोठा भार याच्यावर आहे. खरं तर हे एकाच नावाखाली नांदणारं पाच भावंडांचं कुटुंब आहे: ए, बी, सी, डी आणि ई. दिसायला पाचही सारखे. भारतात बी हा मलेरियाचा अगदीच दुबळा वाहक मानला जातो. बाकीचे वाहक आहेत. पश्चिम भारतात बी आणि सी एकाच गोठ्यात, एकाच भिंतीवर बसलेले मिळतात. आता एक काल्पनिक हिशेब करा. गोठ्यातून २०० माद्या पकडल्या, त्यांतल्या १५० बी आणि ५० सी. लाळग्रंथीत परजीवी एकाच मादीत सापडला आणि ती सी निघाली. सगळे एकत्र धरले तर प्रमाण अर्धा टक्का. वेगळे केले तर बीमध्ये शून्य आणि सीमध्ये २ टक्के. एवढ्या कमी संख्येवरून निष्कर्ष काढायचा नाही हे खरं, पण दिशा कशी बदलते ते यातून दिसतं. अहवालात अर्धा टक्का लिहिणारा खोटं बोलत नसतो, तो फक्त चुकीच्या डासाबद्दल बोलत असतो.

ही भावंडं मुळात गुणसूत्रांवरून ओळखली गेली. अर्धवट अंडी भरलेल्या मादीच्या अंडाशयात पोषक पेशी असतात, त्यांत पॉलिटीन गुणसूत्रं जाडजूड पट्ट्यांसारखी दिसतात. त्यांवरचे काही तुकडे उलटे फिरलेले असतात. एक्स गुणसूत्राची मांडणी आणि दुसऱ्या गुणसूत्राच्या उजव्या भुजेवरचे उलटे तुकडे मिळून प्रजात ठरते. इथे वेळेला फार किंमत आहे. रक्त प्यायल्यावर साधारण दिवसभराने अंडाशय काढले तर गुणसूत्रं उलगडतात. लवकर काढले तर ती बारीक आणि चिकट असतात, उशीर झाला तर अंड्याचा बलक सगळं झाकून टाकतो. अंडाशय ताज्या कार्नॉय द्रावणात टाकायचे: तीन भाग मिथेनॉल, एक भाग ग्लेशियल ॲसिटिक आम्ल. हे द्रावण त्याच दिवशी बनवलेलं हवं. शिळं झालं की ऊती नीट टिकत नाही आणि पट्ट्या धूसर येतात. लॅक्टो-ॲसिटो-ऑर्सिनने रंगवून, प्रोपिओनिक आम्लात फुगवून, काचपट्टीवर हलकेच टिचक्या मारून पसरवायचं. जोर जास्त लागला की गुणसूत्रं तुटतात आणि मग उलटा तुकडा कोणता आणि तुटका तुकडा कोणता, यावर संध्याकाळ जाते.

एवढी हातोटी सगळीकडे नसते, म्हणून पीसीआर, म्हणजे डीएनएचा हवा तो तुकडा वाढवून पाहणं. आरडीएनएच्या (रायबोसोम घडवणाऱ्या डीएनएच्या) डी३ भागावरून ए आणि डी एका गटात, बी, सी आणि ई दुसऱ्या गटात पडतात. पुढची फोड मायटोकाँड्रियातल्या सीओ-दोन जनुकावरून करावी लागते. पहिल्या पायरीवर थांबून 'बी आला' असं लिहिण्याचा मोह टाळायला हवा. त्या गटात सी सुद्धा आहे आणि आपल्याकडे नेमका तोच महत्त्वाचा.

ही ओळखपरेड कशासाठी, ते कळायला परजीवीचा डासातला प्रवास पाहायला हवा. माणसाच्या रक्तात परजीवी एकपट गुणसूत्रांनी वाढतो, नुसत्या नकला काढत. नर आणि मादी पेशींचं मीलन होतं ते फक्त डासाच्या पोटात. रक्त पोटात गेल्यावर तापमान उतरतं, डासातलं झँथुरेनिक आम्ल मिळतं आणि दहा-पंधरा मिनिटांत एका नर पेशीतून आठपर्यंत शेपटीवाले गॅमिट (मीलनाला तयार पेशी) सुटतात. फलन झाल्यावर काही तासांत अर्धसूत्री विभाजन. म्हणजे परजीवीच्या जनुकांची सरमिसळ होण्याची जागा डासाचं पोट हीच. एका घोटात दोन वेगळ्या वंशांचे परजीवी आले तरच नवी जोडणी तयार होते. एकच वंश आला तर तो स्वतःशीच जुळतो आणि नवीन काही घडत नाही.

दिवसभरात फलित पेशीपासून ऊकायनीट, म्हणजे सरपटणारा परजीवी, तयार होतो आणि पोटाची भिंत भेदून बाहेरच्या अंगाला जातो. इथे गळती जबरदस्त आहे. घोटात शेकडो लिंगपेशी आल्या तरी निसर्गात पकडलेल्या बाधित डासात बहुधा पाचाहून कमी ऊसिस्ट (पोटाच्या भिंतीवर वाढणाऱ्या परजीवीच्या गाठी) मिळतात. मग त्या एकेका ऊसिस्टमधून हजारो स्पोरोझॉइट, म्हणजे चाव्यातून माणसात शिरणारे परजीवी, बाहेर पडतात. इतक्या अरुंद फटीतून जाताना कोण पार होतो हे निम्मं नशीब असतं. उरलेलं ठरवतात डासाची जनुकं. परजीवीच्या आयुष्यात संख्या सर्वांत कमी आणि नवीन जुळण्या सर्वांत जास्त, असा क्षण हाच. निवड इथे झाली तर तिचा परिणाम पुढच्या कोट्यवधी परजीवींवर उमटतो.

डासांमध्ये निवडीला पुरेल इतकी विविधता आहे का? भरपूर आहे. आफ्रिकेतल्या ॲनोफेलिस गॅम्बिए आणि त्याच्या जवळच्या भावंडाच्या आठ देशांतल्या ७६५ डासांचे जीनोम २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यांत पाच कोटींहून अधिक एकाक्षरी बदल मिळाले, म्हणजे वाचता येण्याजोग्या भागात सरासरी दर २.२ अक्षरांमागे एक बदलणारी जागा. दोन माणसांच्या डीएनएमध्ये हजार अक्षरांत साधारण एक फरक असतो. या डासांत तो शंभरात दीडच्या आसपास जातो. याच कारणाने जीन ड्राइव्हवाल्यांना, म्हणजे डीएनए कापून एखादं जनुक रानातल्या सगळ्या डासांत पसरवू पाहणाऱ्यांना, घाम फुटतो: कात्री ज्या अक्षरांवर चालवायची तीच अक्षरं रानातल्या काही डासांत आधीच वेगळी असतात. २०१८ साली डबलसेक्स जनुकातला एक तुकडा निवडला गेला, तो जवळजवळ कधीच बदलत नाही म्हणूनच.

या विविधतेतला आपल्या कामाचा भाग म्हणजे रोगप्रतिकाराची जनुकं. डासात टेप-एक नावाचं प्रथिन असतं. आपल्या रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या कॉम्प्लिमेंट प्रथिनांचं हे लांबचं नातेवाईक. ते ऊकायनीटवर जाऊन चिकटतं आणि त्याचा नाश घडवून आणतं. या जनुकाची रूपं आहेत, काही कडक आणि काही ढिली. १९८६ साली अमेरिकेत निवड करत करत गॅम्बिएचा एक असा वंश तयार केला गेला, की तो काही परजीवींना काळ्या मेलॅनिनच्या कवचात गाडून टाकतो. पण 'काही' हा शब्द इथे महत्त्वाचा. तोच वंश ब्राझीलमधून आलेला फॅल्सिपॅरम (मलेरियाचा सर्वांत घातक परजीवी) मारतो आणि आफ्रिकेतल्या फॅल्सिपॅरमला वाट देतो.

असं का, याचं उत्तर २०१३ साली मिळालं. फॅल्सिपॅरमच्या पृष्ठभागावर पीएफएस-४७ नावाचं प्रथिन आहे. ते डासाच्या पोटातल्या पेशींना गाफील ठेवतं. धोक्याचा इशारा निघत नाही आणि टेप-एकला काम मिळत नाही. मात्र या प्रथिनाची रूपं खंडागणिक वेगळी आहेत आणि त्या त्या प्रदेशातल्या ॲनोफेलिसशी ती जुळलेली आहेत. परजीवीचं बाकी काही न बदलता फक्त हे जनुक बदललं, तर तो वेगळ्या खंडातल्या डासात तग धरू लागतो. यालाच कुलूप-किल्ली म्हणतात. कुलूप, म्हणजे डासाच्या पोटातला ग्राहक रेणू, २०२० साली हाती लागला. आफ्रिकेतून माणसांबरोबर फॅल्सिपॅरम जगभर गेला तेव्हा प्रत्येक किनाऱ्यावर त्याला नवं कुलूप भेटलं, आणि जुन्या चाव्यांच्या जुडग्यातली जी किल्ली तिथे लागली तिचाच वंश वाढला.

व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या मोठ्या परजीवीचं असंच एक उदाहरण दक्षिण मेक्सिकोत आहे. तिथे किनारपट्टीच्या मैदानात ॲनोफेलिस अल्बिमॅनस आणि डोंगरउतारावर ॲनोफेलिस स्यूडोपंक्टिपेनिस. दोन्ही भागांतले व्हायव्हॅक्स जनुकीयदृष्ट्या वेगळे निघाले, आणि एका भागातला परजीवी त्याच भागातल्या डासात जास्त चांगला वाढतो असं दिसलं. माणसं इकडून तिकडे जात असतानाही ही विभागणी टिकून होती. सुरत-मुंबईहून परतणारा मजूर, छोटा उदेपूरच्या डोंगराळ पट्ट्यातलं गाव आणि वडोदऱ्याच्या पोळी (जुन्या शहरातल्या दाट वस्तीच्या गल्ल्या), यांच्यामधल्या परजीवींच्या येण्याजाण्याचा विचार करताना हे उदाहरण डोक्यात ठेवावं. माणूस परजीवीला बसने आणतो. त्याला मुक्काम मिळेल की नाही ते स्थानिक डास ठरवतो.

डास औषधांना दाद न देणाऱ्या परजीवीलाही अडवू शकतो. ॲटोव्हाक्वोन या औषधाला निबर झालेले परजीवी माणसात बिनधास्त वाढतात, कारण तिथे त्यांचं भागतं. डासात मात्र मायटोकाँड्रियाचं काम अत्यावश्यक होतं, आणि औषध चुकवणारा बदल नेमका मायटोकाँड्रियातल्या सायटोक्रोम-बी जनुकात. २०१६ साली दाखवलं गेलं की असे परजीवी डासातून पुढे जाऊच शकत नाहीत. आर्टेमिसिनिन या मलेरियावरच्या मुख्य औषधाच्या बाबतीत नशीब एवढं चांगलं नाही. कंबोडियातले आर्टेमिसिनिनला न जुमानणारे परजीवी आशियाई डासांबरोबर आफ्रिकेतल्या डासांतही वाढू शकतात, हे २०१५ मध्येच प्रयोगात दिसलं. म्हणून 'औषधरोधी परजीवी आला' या बातमीनंतरचा पुढचा प्रश्न 'इथल्या कोणत्या डासात तो टिकेल' हाच असायला हवा.

हिशेबात वेळही धरावी लागते. परजीवीला डासात पिकायला लागणारे दिवस जुन्या रशियन सूत्राने काढता येतात. फॅल्सिपॅरमसाठी १११ भागिले (सरासरी तापमान वजा १६). व्हायव्हॅक्ससाठी १०५ भागिले (सरासरी तापमान वजा १४.५). २८ अंशांना फॅल्सिपॅरमला सव्वानऊ दिवस, व्हायव्हॅक्सला पावणेआठ. २० अंशांना फॅल्सिपॅरमला जवळजवळ २८ दिवस आणि व्हायव्हॅक्सला १९. आता समजा डास रोज ८५ टक्के जगतात. शंभर बाधित माद्यांपैकी २८ अंशांना फॅल्सिपॅरम पिकेपर्यंत २२ उरतील, २० अंशांना फक्त एक. व्हायव्हॅक्सला त्याच थंडीत चार-पाच मिळतील. सूत्र ढोबळ आहे, रोजच्या चढउतारात ते थोडं चुकतं, पण पावसाळ्यानंतर वाढणारा फॅल्सिपॅरम आपल्याकडच्या थंडीत का आवरतो, ते यातून समजतं.

या हिशेबात सर्वांत नाजूक आकडा ८५ चा. तो डासाच्या जनुकांनी हलतो. कीटकनाशक न चालणारी मादी फवारलेल्या भिंतीवर बसूनही जगते, म्हणजे परजीवीला जास्त दिवस मिळतात. मज्जापेशीतल्या सोडियम चॅनलच्या जनुकात १०१४ व्या जागी ल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी फेनिलॲलानिन किंवा सेरीन आलं की डीडीटी आणि पायरेथ्रॉइड दोन्हींचा मारा बोथट होतो. शिवाय असं एक रूप निवडीत जिंकत वर आलं की गुणसूत्रावर त्याच्या शेजारची जनुकंही फरफटत वर येतात आणि त्या भागातली विविधता पुसली जाते. फवारणी डास मारता मारता उरलेल्या डासांचं जनुकीय चित्रही बदलते, आणि परजीवीला पुढच्या मोसमात भेटतो तो हा नवा संच.

प्रतिकार मोजायची चाचणी साधी आहे आणि म्हणूनच ती निष्काळजीपणे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या नळ्या, प्रत्येक नळीत २०-२५ माद्या, चार नळ्या औषधाच्या कागदाच्या आणि दोन साध्या तेलाच्या कागदाच्या. माद्या तीन ते पाच दिवसांच्या, रक्त न प्यायलेल्या. डेल्टामेथ्रिन या पायरेथ्रॉइडचा ०.०५ टक्क्यांचा कागद, एक तास संपर्क, मग साखरपाण्याचा बोळा देऊन २४ तासांनी मेलेले मोजायचे. ९८ टक्के किंवा अधिक मेले तर डास औषधाला बळी पडतात; ९० च्या खाली गेलं तर प्रतिकार पक्का; मधल्या आकड्यांत चाचणी पुन्हा करायची. साध्या कागदावर ५ ते २० टक्के मेले तर ॲबटच्या सूत्राने (साध्या कागदावरचे मृत्यू हिशेबातून वगळून) दुरुस्ती आणि २० च्या वर मेले तर चाचणी बाद. वडोदऱ्यात मे महिन्यात पंख्याखाली ठेवलेल्या नळ्यांत साधे डास कोरडेपणानेच मरतात. खोली २७ अंशांजवळ आणि आर्द्रता ७५ टक्क्यांजवळ राखता येत नसेल तर त्या महिन्यात चाचणी न केलेलीच बरी. आणि मेलेले फेकू नका. मेलेले आणि जगलेले, प्रत्येक डास वेगळ्या नळीत, वेगळ्या खुणेने. जगलेल्यांतच १०१४ चा बदल दिसतो की दोन्हींत, ही तुलना केल्याशिवाय टक्केवारीचा अर्थ लागत नाही.

आता नमुने गोळा करण्याबद्दल, कारण वरचं सगळं इथेच बिघडतं.

पहिली आणि सर्वांत महाग चूक: एका टाकीतून पन्नास अळ्या उचलणे. त्या टाकीत एक-दोन माद्यांनीच अंडी घातलेली असण्याची शक्यता खूप असते, म्हणजे पन्नास अळ्या पण कुटुंब एकच. त्यांचे जीनोम वाचले तर विविधता खोटी कमी दिसते आणि शेजारच्या पोळीतले डास अगदी परके वाटू लागतात. त्याच अळ्यांतून वाढवलेल्या माद्यांवर कीटकनाशकाची चाचणी केली, तर निकाल शहराचा येत नाही, एका घराण्याचा येतो. विविधता मोजायची असेल तर एका टाकीतून एकच अळी. चाचणीला संख्या हवी असेल तर वीस-पंचवीस टाक्यांतून थोड्या थोड्या. टाक्या एकाच सोसायटीतल्या नकोत. मांडवी, नवापुरा, अलकापुरी, मांजलपूर अशा विखुरलेल्या भागांतून तीसेक स्वतंत्र डास मिळाले तर बोलण्यासारखं काहीतरी हाती येतं.

अळी पाण्यात ओळखायला सोपी: ॲनोफेलिसला श्वासाची लांब नळी नसते, म्हणून ती पृष्ठभागाला समांतर आडवी पडते; क्युलेक्स आणि एडिसची डोकं खाली करून तिरपी लटकते. टाकीचं झाकण उघडल्यावर लगेच डिपर (लांब दांड्याचा पेला) बुडवू नये. सावली पडली की अळ्या तळाला जातात. मिनिटभर थांबून, कडेने ४५ अंशांत डिपर सरकवावा, कारण अळ्या भिंतीलगत असतात. अळ्या खोलीवर वाढवताना कुत्र्याच्या बिस्किटाची पूड आणि यीस्ट ३:२ प्रमाणात, चिमटीने. जास्त पडलं की पाण्यावर साय धरते आणि सकाळी सगळ्या मेलेल्या.

गोठ्यातले प्रौढ डास पहाटे सहा ते आठमध्ये टॉर्च आणि सक्शन ट्यूबने पकडावेत. गोठ्यात पकडलेल्या माद्यांत जनावराचं रक्त जास्त सापडणारच. त्यावरून 'हा डास माणसाला चावत नाही' असं ठरवणं म्हणजे मिठाईच्या दुकानात उभं राहून गावात सगळे गोडखाऊ आहेत म्हणण्यासारखं. माणसांच्या खोल्यांतूनही तितकाच वेळ द्यावा.

साठवण: ०.५ मिलीची नळी, तळाला सिलिका जेल, त्यावर कापसाचा बारीक बोळा, वर एकच डास. कापूस नसला तर खडे घासून पाय आणि खवले झडतात आणि मग पंखांवरच्या खुणांवरून ओळख पटत नाही. पावसाळ्यात निळी सिलिका एका दिवसात गुलाबी पडते. गुलाबी झाली की बदलायची, नाहीतर बुरशी आणि डीएनएचे तुकडे. परजीवी शोधायचा असेल तर डोकं-छाती वेगळी आणि पोट वेगळं ठेवावं. स्पोरोझॉइट छातीतल्या लाळग्रंथीत असतात. पोटातलं ताजं रक्त मिसळलं तर रुग्णाच्या रक्तातला परजीवी डासाचा म्हणून मोजला जातो. डीएनएसाठी दोन पाय पुरतात. बाकी डास टिकवून ठेवावा, कारण उद्या ओळखीवर वाद झाला तर दाखवायला काहीतरी हवं.

विश्लेषणात दोन सापळे. गोठ्यातले बी आणि सी न वेगळे करता एकत्र आकडे काढले, तर एकाच जनुकाची दोन वेगळी रूपं असलेले डास अपेक्षेपेक्षा कमी दिसतात. याला वाहलुंड परिणाम म्हणतात. माहीत नसलेला माणूस याचं निदान 'डासांत आपापसांत प्रजनन फार' असं करतो. दुसरा सापळा उलट्या तुकड्यांचा: मार्कर अशा तुकड्याच्या आत असेल तर तो लोकसंख्येचा इतिहास सांगत नाही, त्या तुकड्याचाच सांगतो. मार्कर निवडतानाच त्याची जागा बघून घ्यावी.

शेवटी, डास आणि परजीवी समोरासमोर आणण्याची चाचणी. नैतिक समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती घेऊन काढलेलं रक्त ३७ अंशांवरच्या काचेच्या फीडरमध्ये पॅराफिल्मच्या पडद्यामागे ठेवतात. उपाशी ठेवलेल्या माद्या त्यातून अर्धा तास पितात. रक्त सिरिंजमधून फीडरमध्ये जाईपर्यंत चार-पाच अंशांनी जरी थंड झालं, तरी नर पेशी आधीच फुटतात आणि डासाच्या पोटात काही पोहोचत नाही. निकाल शून्य येतो आणि दोष डासावर जातो. म्हणून सिरिंज, नळ्या, फीडर, सगळं आधी ३७ अंशांवर गरम. रुग्णाच्या रक्तद्रवात प्रतिपिंडं असतात, त्यामुळे एक गट तसाच आणि एक गट रक्तद्रव बदलून ठेवावा. न प्यायलेल्या माद्या लगेच बाजूला. सात-आठ दिवसांनी पोट काढून मर्क्युरोक्रोमने रंगवायचं आणि ऊसिस्ट मोजायचे. चौदाव्या दिवशी लाळग्रंथी. बहुतेक माद्यांत शून्य आणि एखादीत चाळीस असं वाटप येतं, म्हणून सरासरी देऊ नये. किती टक्के बाधित आणि बाधितांतला मध्यक किती, हे द्यावं.

या चाचणीत वापरायचे डास कुठले, यावर सगळं अवलंबून. प्रयोगशाळांत जगभर फिरणाऱ्या स्टीफेन्सीच्या काही वसाहती फॅल्सिपॅरम सहज धरावा म्हणून मुद्दाम निवडलेल्या आहेत. पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात राहून त्यांची विविधताही आटलेली असते. त्यांच्यात परजीवी वाढला म्हणून रावपुऱ्यातल्या टाकीतल्या डासात वाढेलच असं नाही, आणि उलटही. २०१२ साली हाच स्टीफेन्सी जिबूतीत सापडला, पुढे इथिओपिया, सुदान, सोमालियात पोहोचला. जिबूतीत मलेरियाचे नोंदलेले रुग्ण २०१२ मधल्या २७ वरून २०२० मध्ये ७३ हजारांवर गेले. इथिओपियात शोधकर्त्यांनी वसाहतीच्या डासांवर न थांबता तिथल्या पाण्यातून आणलेल्या स्टीफेन्सीला तिथल्याच रुग्णांचं रक्त पाजून पाहिलं, आणि फॅल्सिपॅरम, व्हायव्हॅक्स दोन्ही त्यात वाढतात हे तेव्हा कळलं. वडोदऱ्यातही हे करायचं तर रानातून आणलेल्या माद्यांची पहिली पिढी वापरावी, प्रत्येक मादीचं कुटुंब वेगळ्या पिंजऱ्यात ठेवावं आणि एकाच रुग्णाचं रक्त सगळ्या कुटुंबांना एकाच दिवशी द्यावं. आतड्यातले जीवाणूही परजीवीला अडवतात; झांबियातल्या डासांत सापडलेला एक एंटेरोबॅक्टर तर फॅल्सिपॅरमचा नाशच करतो. म्हणून सगळी कुटुंबं एकाच पाण्यात, एकाच खाद्यावर वाढवलेली हवीत. तसं केलं आणि तरीही एका कुटुंबात सत्तर टक्के माद्या बाधित आणि शेजारच्या पिंजऱ्यात पाच टक्के निघाल्या, तर त्या दोन कुटुंबांच्या नळ्यांवर आधी खूण करावी, त्यांची अंडी मोजलेली आहेत ना ते वहीत पाहावं, आणि मगच डीएनए काढायला घ्यावा.